कौटुंबिक न्यासातून स्थानिक संस्थांना अर्थसाहाय्य देताना नेमके काय पाहावे? (गोवा)

फोंड्याची विश्वस्त (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी, गोव्यातील वारसा कायद्याप्रमाणे जो अर्धा हिस्सा आपल्या मर्जीने देता येतो त्यातून, एक सार्वजनिक न्यास केला. माझे पती, माझी नणंद आणि मी असे आम्ही तिघे त्याचे विश्वस्त आहोत. न्यासाला आयकर खात्याची 12एबी नोंदणी, म्हणजे धर्मादाय संस्थेला करसवलत देणारी नोंदणी, आहे. मूळ निधी बँकेत मुदत ठेवींमध्ये असून त्यावर वर्षाला सुमारे 24 लाख रुपये व्याज येते. शिक्षण, रुग्णसेवा आणि वृद्धांची काळजी असे उद्देश न्यासपत्रात लिहिले आहेत, आणि लाभार्थी गोव्यातील असावेत एवढी एकच अट मामंजींनी घातली आहे.

पहिली तीन वर्षे आम्ही जो दारी येईल त्याला थोडे थोडे देत गेलो. कुणाला बाके, कुणाला संगणक, कुणाला पंखे. पंचवीस हजार, पन्नास हजार अशा रकमा वाटल्या, धनादेश देतानाची छायाचित्रे निघाली आणि वर्ष संपले. गेल्या पावसाळ्यात मात्र एका संस्थेत सहज डोकावले, तेव्हा आम्ही दिलेले भौतिकोपचाराचे यंत्र चादरीखाली झाकून ठेवलेले दिसले. विचारल्यावर कळले, की ते चालवणाऱ्या बाई आठ महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरे कुणी नेमायला संस्थेकडे पैसे नाहीत. त्या संस्थेला मी दोष देत नाही. यंत्र चालवणार कोण, हा प्रश्न आम्ही देतानाच विचारायला हवा होता.

त्यामुळे आता नीट रीत बसवावी असे वाटते. संस्था कशा निवडाव्यात? थोड्या संस्थांना जास्त द्यावे की अनेकांना थोडे? कोणते कागद पाहावेत? वेतनासाठी पैसे देणे योग्य आहे का? पतींचे म्हणणे असे, की वेतनाला अंत नसतो आणि एकदा सुरू केले की थांबवता येत नाही. नणंदेला वाटते, की काही तरी कायमचे उभे राहावे, म्हणजे एखादी खोली किंवा सभागृह. दोघांच्याही म्हणण्यात मला तथ्य दिसते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

हिशेबनीस, म्हापसा

मी 32 वर्षे धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासत आहे, त्यामुळे कायद्याची आणि आकड्यांची बाजू सांगतो. कलमांचे क्रमांक 2025 च्या नव्या आयकर कायद्यात बदलले आहेत, पण बोलण्यात अजून जुनेच आहेत, म्हणून तेच वापरतो.

प्रथम एक गैरसमज. महाराष्ट्रातील मार्गदर्शिका वाचून काही देणगीदार इथल्या संस्थांकडे धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र मागतात. महाराष्ट्राचा तो कायदा गोव्याला लागू नाही आणि तसे आयुक्तालयही इथे नाही. आपल्याकडील बहुतेक लहान संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात, काही नोंदणीकृत न्यासपत्रावर चालतात, आणि थोड्या कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील ना-नफा कंपन्या असतात. संस्था जिवंत आहे की नाही हे नोंदणी प्रमाणपत्रावरून कळत नाही. 1860 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. गेल्या तीन वर्षांच्या यादीच्या पोचपावत्या आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा. सभा होते का, माणसे बदलतात का, पैसा कुठून येतो आणि कशावर जातो, एवढे त्यातून समजते. याहून जास्त कागद मी स्वतः मागत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या न्यासाचे गणित, कारण इथे बरेच विश्वस्त फसतात. वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम उद्देशांवर खर्च झाली पाहिजे, हा नियम तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या 24 लाखांवर ही रक्कम 20 लाख 40 हजार होते. तुम्ही स्वतः थेट खर्च केला, म्हणजे विद्यार्थ्याचे शुल्क भरले किंवा रुग्णाच्या औषधांचे बिल चुकते केले, तर तो खर्च पूर्ण धरला जातो. परंतु 2023 च्या वित्त कायद्यापासून, दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला किंवा संस्थेला दिलेल्या देणगीपैकी 85 टक्केच रक्कम खर्च म्हणून धरतात. तुम्ही 20 लाख 40 हजारांच्या देणग्या दिल्या तर खर्च 17 लाख 34 हजारच मानला जाईल आणि 3 लाख 6 हजार कमी पडतील. पूर्ण 24 लाख देणगीरूपाने दिले, तर बरोबर 20 लाख 40 हजार भरतात. म्हणजे एक तर सगळे व्याज द्यावे, किंवा काही भाग स्वतः थेट खर्च करावा. संस्थेच्या कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, दिलेली देणगी तर खर्चात मुळीच धरली जात नाही. रोखीने एका दिवसात एका व्यक्तीला 10 हजारांहून जास्त दिलेले पैसेही धरले जात नाहीत.

ज्या संस्थेला देता, तिच्याकडे 12एबी हवे आणि त्याची मुदत उलटलेली नसावी. देणगीवर करसवलत देणारे 80जी प्रमाणपत्र तुमच्या कामासाठी आवश्यक नाही, कारण ती सवलत करदात्या देणगीदारासाठी असते. सीएसआर-1 हा नोंदणी क्रमांकही तुम्हाला लागत नाही. तो कंपनीच्या सामाजिक दायित्वाचा पैसा घेणाऱ्या संस्थेला लागतो. हे सांगण्याचे कारण असे, की हे दोन कागद नाहीत म्हणून चांगल्या संस्थांचे अर्ज परत पाठवलेले मी पाहिले आहेत.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. तुमच्या न्यासाला परदेशातील नातेवाईक पैसे देऊ इच्छित असतील तर त्यांचे पारपत्र कोणते, हे आधी विचारा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. परंतु पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या सख्ख्या भावाने दिलेले पैसे विदेशी योगदान ठरतात, त्याच्याकडे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. त्यासाठी विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. तुमच्यासारख्या, इतरांना अर्थसाहाय्य देणाऱ्या न्यासाने तो न घेतलेलाच बरा.

कार्यवाह, डिचोली

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे घेणाऱ्याच्या. आमचे दिव्यांग मुलांसाठी दिवसा चालणारे केंद्र आहे. मुले 34, विशेष शिक्षिका दोन, मदतनीस दोन, एक चालक, आणि आठवड्यातून दोनदा म्हापशाहून येणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञ बाई.

आमच्या भागाने एकाच मोठ्या दात्यावर विसंबण्याचे परिणाम पाहिले आहेत. 2012 च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद झाल्या. आमची बस एका खाण कंपनीच्या पैशांवर चालत असे. पहिल्या बंदीनंतर चार महिन्यांत ती उभी राहिली, आणि साखळीच्या पलीकडून येणारी नऊ मुले घरी बसली. त्यांतील पाच परत आली. चार आलीच नाहीत. कंपनीने वाईट केले असे मी म्हणत नाही, तिचे उत्पन्नच थांबले होते. पण आधी सहा महिन्यांची सूचना मिळाली असती, तर दुसरी सोय करण्याची धडपड तरी आम्ही केली असती.

आता वेतनाविषयी. तुमच्या पतींना अंताची चिंता वाटते, ती रास्त आहे. परंतु आमच्यासारख्या कामात सेवा म्हणजे माणूसच. मुलाला चमच्याने जेवायला शिकवायला एखाद्या शिक्षिकेला सात-आठ महिने लागतात. ती मध्येच गेली, की नव्या बाईंची ओळख होण्यातच मुलाचे दोन महिने जातात आणि शिकलेले मागे पडते. आमच्या वर्षाच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा वेतनाचा आहे, आणि देणगी मिळायला सर्वांत कठीण तोच आहे. वस्तू मागितली तर तीन दाते तयार होतात. शिक्षिकेचे वेतन मागितले, की तो प्रशासकीय खर्च असल्याचे सांगितले जाते आणि पाच टक्क्यांच्या मर्यादेचा दाखला दिला जातो. ती मर्यादा कंपनीने आपला सामाजिक दायित्वाचा विभाग चालवण्यावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च तिच्यात येत नाही. मग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेचे वेतन तिच्यात कसे येईल? आणि कौटुंबिक न्यासाला तर तो नियम लागूच नाही.

विनंती करायची झाली तर मी एवढेच मागेन. एकाच संस्थेला तीन वर्षांचे वचन द्या, लेखी द्या, आणि तिसऱ्या वर्षानंतर देणार नसाल तर ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सांगा. पैसे एप्रिलमध्ये द्या. अनेक दात्यांची मंजुरी पावसाळा संपता संपता येते, पण वेतन प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागते, आणि एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने आमचे खजिनदार कुणाकुणाकडून उसने आणून भागवतात. वीज, भाडे आणि लेखापरीक्षकाचे शुल्क यांसाठीही त्यातील काही भाग मोकळा ठेवा.

अहवालाविषयीही सांगतो. आमचे चार दाते आहेत आणि चौघांचे चार निरनिराळे तक्ते आहेत. एकाला तिमाही अहवाल इंग्रजीत हवा असतो आणि प्रत्येक मुलाची प्रगती टक्केवारीत हवी असते. पायरी चढायला शिकलेल्या मुलाची टक्केवारी कशी काढायची, हे मला आजही कळलेले नाही. तो तक्ता भरायला आमच्या शिक्षिकेचे दर तीन महिन्यांनी दोन दिवस जातात, आणि त्या दिवशी तिच्या गटाची मुले मदतनीस बाई सांभाळतात. तुम्ही वर्षातून दोनदा स्वतः या, दिवसभर बसा, पालकांशी बोला, आणि आम्ही सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो तोच वार्षिक अहवाल व तोच ताळेबंद घ्या.

निवृत्त मुख्याध्यापिका, पणजी

कार्यवाहांचे मन मी समजू शकते, तरीही वेतनाच्या बाबतीत मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मी एका बालवाडीच्या समितीवर होते. एका सद्गृहस्थांच्या न्यासाने आम्हाला पाच वर्षे दोन्ही शिक्षिकांचे पूर्ण वेतन दिले. त्या पाच वर्षांत आम्ही गावात वर्गणी मागायला गेलोच नाही, कारण गरजच भासली नाही. सहाव्या वर्षी न्यासाने हात आखडता घेतला तेव्हा गावाला वाटले, की बालवाडी त्यांची आहे, आपली नव्हे. ती दीड वर्षात बंद पडली. दात्याने सगळे दिले आणि आम्ही सगळे घेतले, यातच ती चूक झाली.

पणजीत 1908 साली मुष्टिफंडाची सुरुवात झाली ती घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून, आणि त्यातून मराठी शाळा उभी राहिली. पोर्तुगीज राजवटीत मराठी शिक्षणाला दुसरा आधार फारसा नव्हता. ज्या घरातून मूठ येई, त्या घराला शाळेविषयी विचारण्याचा हक्क वाटे. तो हक्क टिकवायचा असेल तर न्यासाने एखाद्या कामाचा पूर्ण खर्च कधीही उचलू नये. पहिल्या वर्षी तीन चतुर्थांश, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी एक चतुर्थांश, आणि उरलेले संस्थेने आपल्या परिसरातून उभे करावे, अशी अट आधीच घालावी असे मला वाटते.

सभागृहाविषयी मात्र आपल्या नणंदबाईंना माझी विनंती पोचवा. गोव्यातील आपल्या वाड्यांवर देवस्थानाचा मंडप, पंचायतीचे सभागृह आणि शाळेचा वर्ग अशा जागा बहुधा असतात. त्या कुणाला केव्हा वापरायला मिळतात, हा खरा प्रश्न आहे, आणि तो नवी भिंत बांधून सुटत नाही.

कार्यवाह, डिचोली

बाई, आपला अनुभव मोलाचा आहे आणि दात्यावर पूर्ण विसंबू नये हे आम्हीही भोगून शिकलो आहोत. परंतु दरवर्षी एक चतुर्थांश कमी करण्याची अट फोंड्याच्या किंवा पणजीच्या संस्थेला जमेल, सत्तरीच्या आतल्या गावातील संस्थेला ती जमणार नाही. आमच्या 34 मुलांपैकी बहुतेकांचे पालक मोलमजुरी करतात, आणि काही घरांचा मोठा आधार म्हणजे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहाचे पैसे. त्यांच्याकडून रुपये मागणे मला बरे दिसत नाही.

वाटा मोजायचाच तर तो रुपयांखेरीज इतर रूपांतही मोजावा. आमच्याकडे एका वाड्याने पाच वर्षे केंद्राला खोली विनाभाडे दिली आहे. कुळागरातून नारळ आणि केळी येतात. दोन आया आळीपाळीने रोज दुपारचे जेवण करतात. हे सारे ताळेबंदात कुठेच दिसत नाही, त्यामुळे कागदावर स्थानिक वाटा शून्य दिसतो. देणाऱ्याने हे विचारावे आणि आपल्या वहीत लिहून ठेवावे.

समाजसेविका, काणकोण

थोडक्यात एक मुद्दा. तुम्ही अर्ज मागवलेत, की ज्यांना अर्ज लिहिता येतो त्यांचेच येतील. केपे, सांगे आणि काणकोणच्या डोंगराळ भागात वृद्धांना घरी जाऊन औषधे देणारे, मुलांची संध्याकाळची शिकवणी घेणारे असे चार-पाच जणींचे गट आहेत, ज्यांची नोंदणीही झालेली नाही. त्यांच्यापर्यंत तुम्हालाच जावे लागेल. तिथल्या आरोग्य केंद्रातील परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि शाळेतील शिक्षक यांना विचारा, की अडचण आली तर तुम्ही कुणाला बोलावता. जे नाव तीन निरनिराळ्या तोंडांतून येईल त्या घरी जा. अर्ज मराठीत किंवा कोकणीत, हाताने लिहिलेला, दोन पानांचा चालेल असे स्पष्ट सांगा. आणि ज्यांना नाही म्हणाल त्यांना कारणासह, वेळेत नाही म्हणा. आमच्या एका अर्जाचे उत्तर चौदा महिन्यांनी आले, तोवर ज्या आजींसाठी तो केला होता त्या वारल्या होत्या.

फोंड्याची विश्वस्त

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री आम्ही तिघांनी ही सगळी उत्तरे मोठ्याने वाचली. चौदा महिन्यांची गोष्ट वाचल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही, कारण आमच्याही कपाटात उत्तर न दिलेले अर्ज आहेत. त्यांना या आठवड्यात उत्तरे जातील.

सध्या ठरले ते असे. येत्या वर्षापासून चार संस्थांना प्रत्येकी 4 लाख, तीन वर्षांसाठी, लेखी वचनासह, एप्रिलमध्ये. त्यातून वेतन देता येईल, आणि थांबणार असू तर वर्षभर आधी सांगू. हे 16 लाख झाले. उरलेल्या 8 लाखांतून न नोंदलेल्या गटांच्या कामावर आम्ही स्वतः थेट खर्च करू, म्हणजे औषधांची बिले आणि शिकवणीच्या बाईंचे मानधन. घटत्या रकमेची अट आम्ही सर्वांना सरसकट घालणार नाही. प्रत्येक संस्थेशी बसून, तिच्या परिसराला काय झेपते ते पाहून ठरवू, आणि खोली, धान्य, श्रम हेही वाटा म्हणून लिहू. नणंदेने सभागृहाचा आग्रह सोडला, पण मामंजींचे नाव कुठे तरी असावे ही तिची इच्छा आहे आणि ती मला गैर वाटत नाही.

हिशेबनीसांना दोन प्रश्न. वरील गणित 85 टक्क्यांत बसते का? आणि एका संस्थेच्या कार्यकारिणीवर माझे मावसभाऊ आहेत. आपल्या एवढ्याशा प्रदेशात कुणी तरी नात्याचे निघतेच. अशा वेळी काय करावे?

हिशेबनीस, म्हापसा

गणित बसते. 16 लाखांचे 85 टक्के म्हणजे 13 लाख 60 हजार, आणि थेट खर्चाचे 8 लाख, मिळून 21 लाख 60 हजार, म्हणजे आवश्यक रकमेपेक्षा 1 लाख 20 हजार जास्त. मात्र थेट खर्चाची देयके न्यासाच्या नावाने घ्या, मानधन बँकेतून द्या, आणि सर्व पैसे 31 मार्चपूर्वी प्रत्यक्ष चुकते करा, कारण नुसती देय रक्कम खर्चात धरली जात नाही.

मावसभावांविषयी: विश्वस्तांना किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना न्यासाच्या पैशांतून लाभ झाला तर कलम 13 प्रमाणे करसवलत धोक्यात येते. मावसभाऊ त्या व्याख्येत सहसा येत नाहीत, आणि बिनपगारी कार्यकारिणी सदस्याला तसा लाभही होत नाही. तरीही नाते सभेच्या इतिवृत्तात लिहा, त्या संस्थेचा विषय निघेल तेव्हा आपण बाहेर बसा, आणि निर्णय उरलेल्या दोघांनी घ्यावा. त्या संस्थेला भेट द्यायलाही आपण न जाता नणंदबाईंना पाठवा. आणि नावाचे म्हणाल, तर न्यासाला मामंजींचे नाव आहेच. शिक्षिकेला मिळणाऱ्या नेमणूकपत्रावर ते नाव छापायला संस्थांची हरकत असणार नाही.